काल्याचा पहारा

भानुदासच्या पायांवर मी डोकं टेकलं आणि ते पाय मला थंडगार लागले.

वैशाख होता. सकाळचे अकरा वाजत आले होते. देवळापुढच्या मांडवावर पत्रे घातले होते आणि त्या पत्र्यांखाली सगळं गाव दाटून बसलं होतं. बायका पदरानं वारा घेत होत्या. खाली अंथरलेल्या ताडपत्रीचा तळव्यांना चटका बसत होता. अशा जागी अनवाणी पाच-सहा तास उभ्या असलेल्या माणसाचे पाय रांजणाच्या बुडासारखे गार! मला भरून आलं. मनात म्हटलं, ह्याला बाहेरचं ऊन लागतच नाही, हा आत पोचला.

डोळे पुसत मी बायकांत परत येऊन बसले.

मी नर्स होते. तेव्हा नोकरीला बारा वर्षं झाली होती. हे आधीच सांगून ठेवते.

टाकळदऱ्याचं सरकारी आरोग्य केंद्र देवळाच्या मागच्या अंगाला होतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. माझी तिथं बदली झाली तेव्हा मैत्रिणी हळहळल्या होत्या. मी मात्र खूश होते, कारण त्या गावचा सप्ताह पंचक्रोशीत नावाजलेला. कीर्तनाचं वेड मला वडिलांकडून आलं. ते बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे राहायचे आणि मी त्यांच्या पायाशी बसून ऐकायचे. काल्याच्या दिवशी डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेले होते. आमचे शिपाई लतीफभाई मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बसा जाऊन. कुणी आलं तर मी मागच्या दारातून हाक मारतो. नाहीतरी आपले सगळे पेशंट तिथंच बसलेत."

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला लावायची नाही, अशी रीत आहे. एकाच्या गळ्यातून उतरते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणा घेऊन उभं राहण्याच्या पाळीला पहारा म्हणतात. टाकळदऱ्यात शेवटचा पहारा मानाचा. पहाटेच्या काकड्याला वीणा गळ्यात घ्यायची आणि दुपारी काल्याची हंडी फुटेपर्यंत उभं राहायचं. बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. देहधर्माला जावंच लागलं तर शेजारच्याच्या गळ्यात वीणा द्यायची आणि अंघोळ करून ओलेत्यानं परत यायचं. एकवीस वर्षं हा पहारा आप्पा शिंदे करत आले होते. त्या पौषात आप्पा गेले. भानुदास हा त्यांचा एकुलता मुलगा, एसटीत कंडक्टर. बत्तीस-तेहेतीसचा असेल. आमच्या तालुक्याच्या गाडीवर त्याची ड्यूटी असायची. माझं तिकीट फाडताना "सिस्टर, मागच्या आठवड्याचा खोकला गेला बरं का," असं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगायचा.

सप्ताहाच्या आधीची बैठक आरोग्य केंद्राच्या ओट्यावरच भरली होती, म्हणून मला ऐकू आली. सप्ताहाची सगळी व्यवस्था मुरलीधर अण्णा पाहायचे. आप्पांचे ते बालमित्र.

"आप्पाची वीणा हाय ती, भानुदास," अण्णा म्हणाले. "एसटीची घंटी न्हाई, दोरी वढली अन् गाडी चालू."

"अण्णा, बाप माझाच होता."

"बाप व्हता म्हणून पायात बळ येतं व्हय? तू तर मुक्कामी आला की पयला बाकड्यावर आडवा व्हतूस. देवळात कधी आलास शेवटचा?"

"आप्पांच्या दहाव्याला."

"बघा!"

सगळे हसले. भानुदास हसला नाही. म्हणाला, "उभा राहतो मी. हंडी फुटेपर्यंत. त्याआधी खाली बसलो तर पुन्हा कधी वीणा मागणार नाही. मग तुमच्या नातवाला द्या, पतवंडाला द्या."

अण्णांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि हो म्हणाले.

काल्याच्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला मी फुलं द्यायला देवळात गेले. भानुदास गाभाऱ्यापुढं उभा होता. वीणा गळ्यात, धोतर ओलं, अंगाला चिकटलेलं. अण्णा त्याच्या कानाशी बोलत होते, पण अण्णांचं कुजबुजणंही चार माणसांना ऐकू जायचं.

"आत्ताशीक सात वाजलेत. दोनदा गेलास बाहेर. तिसऱ्यांदा जाशील तर वीणा माझ्याच गळ्यात ऱ्हाईल, सांगून ठिवतो."

भानुदास मला पाहून जरा हसला. आवाज बसला होता, म्हणून मी विचारलं, "घसा धरला वाटतं?"

"काकड्याला वरचा सूर लागला, सिस्टर. सवय नाही."

मी फुलं ठेवली आणि आले. त्यानंतर तो बाहेर गेला नाही, असं सगळे सांगतात. दहा वाजता कीर्तन सुरू झालं तेव्हा त्याचं धोतर तसंच ओलं होतं. तीन तासांत, वैशाखात, अंगावरचं धोतर वाळलं कसं नाही, हे माझ्या मनात आलं नाही. ओलेत्यानं उभा आहे, बापासारखा नेमाचा आहे, एवढंच आलं.

कीर्तनाला तुळशीराम महाराज कोठुळे होते. अंगानं काटकुळे, बसले तर कुणाला दिसायचे नाहीत. पण उभे राहून पहिली ओळ उचलली की मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकलेला माणूस ताठ व्हायचा. विनोदही करायचे आणि पुढच्याच वाक्याला रडवायचे. गोपाळांना कृष्णानं शिदोरी वाटली तो प्रसंग त्यांनी लावला होता. शिदोरी हातावर पडली आणि गोपाळांचं काय झालं, ह्यावरून ते अष्टसात्त्विक भावांवर आले.

"देह मोठा चहाडखोर आहे!" महाराज म्हणाले. "आत भाव दाटला की लगेच बाहेर सांगून मोकळा होतो. आठ चहाड्या करतो तो, आठ! पहिली कुठली? माणूस खांबासारखा उभा राहतो. हलत नाही, डुलत नाही. दुसरी, घाम. नांगर हाकल्याचा नाही, तो ऊन असतो. हा घाम गार असतो."

माझ्या शेजारी गयाबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, दर कीर्तनाला माझ्यासाठी जागा धरून ठेवणाऱ्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"बाई, आप्पाच्या पोराकडं बघ की."

महाराजांच्या पाठीमागं टाळकऱ्यांच्या दोन ओळी होत्या आणि मधोमध वीणा घेऊन भानुदास. खरोखरच खांब. कपाळावर घामाचे थेंब, आणि तो पुसायलाही हात उचलत नव्हता.

"तिसरी, अंगावर काटा. चौथी, थरथर. पाचवी, आवाज फुटत नाही. देवाचं नाव ओठांवर येतं आणि तिथंच अडकतं."

"हात कापत्यात बघ त्येचं," गयाबाई म्हणाल्या. "आगं बया, सगळंच हाय की!"

"सहावी, रंग उडतो. सातवी, तो इथं उभा असतो पण इथं नसतो. हाक मारा, ओ उशिरा येते."

तोवर बायकांमधून कुजबूज पुरुषांत गेली होती. कुणीतरी उठून भानुदासच्या पाया पडलं. मग दुसरं, मग चार बायका. महाराजांनी मागं वळून पाहिलं, हात जोडले आणि टाळकऱ्यांना भजनाची खूण केली. भजन चालू असताना लोक ओळीनं जाऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवू लागले. अण्णासुद्धा गेले. परत येताना त्यांनी उपरण्यानं तोंड झाकून घेतलं होतं. त्या ओळीत मीही उभी राहिले.

ते पाय थंड लागले. बोटं जांभळट होती आणि घोट्यापर्यंत कातडीवर जाळीसारखे डाग. मी ते पाहिलं. बारा वर्षांत असे पाय मी किती पाहिले होते. तरी डोकं टेकलं, डोळे पुसले आणि परत आले.

मघाशी मी एक गोष्ट सांगितली नाही. भानुदासची बायको, सिंधू, बायकांत पहिल्या ओळीला बसली होती. सगळं गाव तिच्या नवऱ्याच्या पाया पडत होतं आणि ती मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडत होती, पुन्हा बांधत होती. मान वर करून तिनं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही. लाजली असेल, असं मला वाटलं.

भजन थांबलं. महाराज पुढं आले.

"आठवी चहाडी मी मुद्दाम मागं ठेवली. शास्त्रात क्रम निराळा आहे, पण मला माझ्या गुरूंनी असं शिकवलं. बाकीच्या सात ढोंग्यालाही साधतील. आठवी म्हणजे अश्रू. माउली, आतला हौद भरला की पाणी कुठून येतं? डोळ्यांवाटे येतं!"

गयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मीही गालावर हात फिरवला, तो ओला झाला. आणि मी सहज भानुदासच्या डोळ्यांकडं पाहिलं.

डोळे उघडे होते. खोल गेलेले, भोवती काळं. एक माशी त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर बसली, जरा चालली. त्यानं पापणी हलवली नाही. माशीला तिथं काही मिळालं नाही, ती उडून ओठांवर जाऊन बसली. ओठ एकमेकांना चिकटलेले होते.

तेवढ्यानं मला जाग आली. दुसरा शब्द मला सुचत नाही.

गार घाम, गार पाय, बसलेला आवाज, हातांचं कापणं, पांढरा रंग, उशिरा येणारी ओ. हे सगळं मी एका वेगळ्या वहीत लिहून घेतलं होतं, वीस वर्षांची असताना, ट्रेनिंगमध्ये. पहाटेपासून दोनदा बाहेर. न वाळलेलं धोतर, म्हणजे जुलाब थांबलेच नव्हते. त्याला हुंदका यायला हवा होता आणि त्याच्या अंगात डोळ्यात यायलाही पाणी शिल्लक नव्हतं.

मी उठले. बायकांच्या डोक्यांवरून वाट काढत टाळकऱ्यांच्या ओळीत शिरले. बाई तिथं जात नाही. मांडवात गलका झाला.

"सिस्टर!" अण्णा ओरडले. "कीर्तन चालू हाय!"

"त्याला हात लावू नगा," मागून कुणीतरी म्हणालं. "समाधी मोडंल!"

मी त्याचं मनगट धरलं. नाडी लागेना. बोटं सरकवून पाहिली, दाबून पाहिली. काही नाही. बोटांची टोकं खूप वेळ धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. मग मानेला हात लावला. तिथं नाडी होती, बारीक आणि इतकी घाईची की मोजता येईना. मनगटाची चिमूट घेतली. सोडली तरी चिमटीची घडी तशीच उभी राहिली.

"भानुदास, कधीपासून?"

ओ उशिरा आली. पण बोलला ते शहाण्यासारखं. "रात्रीपासून. परवा ड्यूटीवर बर्फ घातलेला उसाचा रस प्यालो. ड्रायव्हरही आडवा आहे." मग थांबून, "तहान लागलीय, सिस्टर. पण काला होऊ द्या."

"लघवीला कधी गेलात?"

"काल संध्याकाळी."

"सिस्टर, भाव आहे तो!" महाराज माझ्याकडं वळून म्हणाले. रागावून नव्हे, समजावून. "देहभान नसतं अशा वेळी. थंड पडतं अंग."

मी काय बोलले ते आठवतंय, कारण पुढं वर्षानुवर्षं लोक ते मला परत ऐकवत राहिले. मी म्हणाले, "महाराज, सात आहेत. आठवा नाही. त्याचे डोळे बघा."

महाराज जवळ आले. त्यांनी भानुदासच्या तोंडाकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट, हातभर अंतरावरून. तेवढ्यात सिंधू पहिल्या ओळीतून उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "पंधरा-वीस वेळा झालंय रात्रीपासून. मला आप्पांची शपथ घातली होती. आता मोडते मी. मोडली!"

महाराजांनी दोन्ही हात पुढं केले. "आण ती वीणा इकडं."

"हंडी फुटेपर्यंत माझा पहारा आहे," भानुदास म्हणाला.

"तुझाच आहे, बाळा. मी नुसता धरून ठेवतो."

त्यांनी त्याच्या गळ्यातून वीणा काढून आपल्या गळ्यात घातली. पट्टा खांद्यावरून उतरला तसा भानुदास सरळ खाली आला. जसा काही तो पट्टाच त्याला उभं धरून होता. आम्ही तिघांनी त्याला झेललं. खाली येताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, "सिस्टर, स्टॉप आला वाटतं."

सतरंजीत घालून त्याला आरोग्य केंद्रात नेलं. चार कोपरे चौघांनी धरले, त्यात एक अण्णा. मागं महाराजांचा आवाज आला, "टाळकऱ्यांनो, गजर! मी म्हणेपर्यंत थांबायचं नाही!" आणि पखवाजावर थाप पडली.

लतीफभाईंनी आम्हाला येताना पाहिलं आणि विचारत न बसता कपाटाची किल्ली काढली. सलाइनच्या अकरा बाटल्या होत्या. स्टँड एकच.

पलंगाच्या पायथ्याखाली विटा सारल्या. दोन्ही हातांच्या शिरा पाहिल्या. शिरा नव्हत्याच. सुकलेल्या ओढ्यात वाळूखाली पाणी असतं म्हणतात, तशा आत कुठंतरी असतील. पहिली सुई वाया गेली, दुसरी गेली. तिसरी कोपराच्या घडीत लागली. नळीत काळपट रक्त मागं आलं, ते पाहून मी श्वास सोडला. मग दुसऱ्या हाताला दुसरी. ती मात्र पहिल्याच प्रयत्नात लागली.

"स्टँड एकच आहे," लतीफभाई म्हणाले.

"द्या इकडं," अण्णा म्हणाले. त्यांनी दुसरी बाटली हातात घेतली आणि डोक्याच्या वर धरून पलंगाशेजारी उभे राहिले.

मी स्टँडवरची पहिली बाटली दोन्ही तळव्यांत दाबून पिळायला लागले. थेंब नव्हे, धार जायला हवी होती. भानुदास डोळे मिटून पडला होता. मध्येच विचारायचा, "हंडी फुटली?" सिंधू म्हणायची, "नाही फुटली. गप पडा." पोटऱ्यांत गोळे येत होते, तेव्हा दात खायचा. ती पोटऱ्या दाबत होती.

अर्धी बाटली गेल्यावर अण्णा हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, पर ह्यो तर उभा व्हता की वं. बोलत व्हता. मरणाऱ्या माणसाला उभं ऱ्हाता येतं?"

मी बाटली पिळता पिळता सांगितलं. "अण्णा, बहात्तरच्या दुष्काळात गावानं काय केलं? आधी कुठलं पाणी तोडलं?"

"बागायतीचं."

"मग?"

"मग जनावराच्या हौदाचं. मग धुण्याचं. प्यायचं तेवढं ठिवलं."

"अंगाचंही तसंच. पाणी गेलं की अंग आधी हातापायांचं रक्त तोडतं. मग कातडीचं. मग आतड्याचं, मूत्रपिंडाचं. सगळं ओढून काळजाला आणि डोक्याला देतं. काळीज दुप्पट धावून तेवढ्यावर निभावतं. म्हणून माणूस उभा असतो, बोलतो, चेष्टा करतो. तरण्या अंगाला हे फार वेळ जमतं. मग एकदम जमेनासं होतं."

"म्हंजी पाय गार..."

"पायाचं पाणी तोडलेलं होतं."

अण्णांनी भानुदासच्या पायांकडं पाहिलं. "मी डोकं ठिवलं त्या पायावर," म्हणाले. "मला गार लागलं. मला वाटलं, आप्पाच आला."

मी माझं सांगितलं नाही. बाटली बदलली.

डॉक्टर नव्हते, फोन नव्हता, गाडी तालुक्याला गेलेली होती. माझ्याकडं बाटल्या होत्या आणि माझी बोटं होती. नाडी मोजायला घड्याळ होतं, पण त्या दिवशी मी घड्याळाकडं फार पाहिलं नाही. खिडकीतून गजर ऐकू येत होता. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. पखवाजवाला चांगला चढ्या लयीत होता. मी भानुदासच्या मानेवर बोटं ठेवली की नाडी पखवाजाच्या कितीतरी पुढं पळत असायची. एक बाटली, दोन बाटल्या. पखवाज मागं, नाडी पुढं. तिसऱ्या बाटलीला मला वाटलं की ती जरा मागं रेंगाळली. चौथीच्या शेवटी नाडी आणि पखवाज बरोबरीनं चालले होते. मी मनगटाला हात लावला. तिथं काहीतरी सरकलं. पहिल्यांदा वाटलं, माझ्याच बोटाची नाडी आहे. हात काढून पुन्हा ठेवला. नव्हे, त्याचीच होती.

पाचव्या बाटलीला पखवाज पुढं निघून गेला.

"अण्णा, हात भरून आला असेल. द्या दुसऱ्या कुणाकडं."

"न्हाई," अण्णा म्हणाले. बाटली त्यांनी खाली येऊ दिली नाही. "ह्यो पहारा माझा."

दीड वाजून गेल्यावर लतीफभाई भांडं घेऊन आले आणि मला दाखवलं. कपभर लघवी झाली होती, गडद चहाच्या रंगाची. त्या भांड्याकडं मी आणि लतीफभाईंनी असं पाहिलं की सिंधूला वाटलं काहीतरी वाईट घडलं. ती उठून उभी राहिली.

"वहिनी, बसा," लतीफभाई म्हणाले. "ह्याच्यासाठीच नवस बोलत होतो आम्ही."

मग चमच्यानं जलसंजीवनी सुरू केली. पायांवर हात ठेवला. घोट्यापर्यंत ऊब आली होती, बोटं अजून गार. मी पाय चादरीत गुंडाळले.

मग गजर वाढत वाढत जवळ आला. मी खिडकीतून पाहिलं. सगळा मांडव आरोग्य केंद्राकडं निघाला होता. पुढं तुळशीराम महाराज, गळ्यात वीणा, अंगरखा घामानं भिजलेला. अडीच तास ते गजरात उभे होते. अन्न नाही, पाणी नाही, साठीचं वय. हंडी फोडायची वेळ केव्हाच टळून गेली होती. दोघांनी ती हंडी काठीला अडकवून खांद्यावर घेतली होती.

माणसं अंगणात थांबली. महाराज एकटे आत आले. पलंगाजवळ आले आणि मला विचारलं, "सिस्टर, आत्ता गळ्यात घातली तर चालेल?"

"हातांना सुया आहेत. छातीवर ठेवा. वजन देऊ नका."

"वजन मी धरतो."

त्यांनी पट्टा भानुदासच्या मानेमागून सारला आणि वीणा त्याच्या छातीवर ठेवली. भोपळा स्वतःच्या तळहातावर तोलून धरला. भानुदासनं डोळे उघडले. त्याची बोटं तारेपर्यंत पोचत नव्हती. सिंधूनं त्याचा हात कोपराखाली धरून थोडा वर केला, सुई न हलवता. एक बोट तारेला लागलं.

"बाहेर सांगा," महाराज म्हणाले. "फोडा."

अंगणात हंडी फुटली. दह्या-लाह्यांचा काला उडाला, पोरं ओरडली, गयाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. आत अण्णांनी बाटली तशीच डोक्याच्या वर धरली होती.

महाराज खाली वाकले. मला म्हणाले, की स्वतःला, ते सांगता येणार नाही. "मी म्हणालो देह चहाडखोर आहे. ह्यानं तर शेवटपर्यंत झाकून ठेवलं."

"शेवटपर्यंत नाही, महाराज," मी म्हणाले.

त्या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. मी निवृत्त झाले. कीर्तन अजून सोडत नाही. पण विणेकरी दिसला की आधी त्याच्या डोळ्यांकडं पाहते आणि मग नमस्कार करते. टाकळदऱ्यात शेवटच्या पहाऱ्याला आता पाणी देतात, तांब्या घेऊन अण्णांचा नातू उभा असतो. भानुदास अजून दरवर्षी पहारा करतो.

त्या दुपारी मी नववी बाटली लावत होते. महाराज वीणा घेऊन गाभाऱ्याकडं गेले होते. सिंधू नवऱ्याच्या तोंडावरून पदर फिरवत होती. एकदम थांबली.

"हे काय?" ती घाबरून म्हणाली. "आता रडताय कशाला? झालं ना सगळं. फुटली हंडी."

मी वाकून पाहिलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब जमला होता. तो वाढला, कानाच्या दिशेनं ओघळला आणि उशीत गेला. मागून दुसरा आला.

सिंधूनं पुसायला पदर पुढं केला. मी तिचा हात धरला.

"पुसू नकोस, रडू दे त्यांना," मी म्हणाले. "सकाळपासून मी त्याचीच वाट बघतेय."